कोनांची नावे आणि कोन

आपल्या वार्षिकांकात भाषेच्या शिक्षकांनी साहित्याविषयी लिहावे आणि गणिताच्या शिक्षकांनी गणिताविषयी, असा आजवरचा परिपाठ आहे. तो मी यंदा मोडीत आहे, याबद्दल संपादक मंडळाने क्षमा करावी. मी कलाशाखेची पदवीधर असून मराठी शिकविणे हे माझे नेमलेले काम. घरची भाषा तर मराठीही नव्हे, कोंकणी. माझे माहेर गोव्यातील म्हापशाचे. लग्नानंतर तलमडुगूस आले आणि इथलीच झाले. मध्यंतरी गणिताच्या शिक्षकांची जागा काही काळ रिकामी राहिली, तेव्हा ‘तुमच्या तासिका थोड्या कमी आहेत’ एवढ्याच पात्रतेवर भूमितीचे तास माझ्याकडे आले. ते मी भीत भीत घेतले. पुढे भीती गेली, परंतु एक मत मात्र पक्के झाले. ते असे की, समांतर रेषांच्या प्रकरणात आपण कोनांची नावे आधी शिकवितो आणि कोन नंतर. हा क्रम चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आपल्या या सीमेवरील मुलांना इतरांहून अधिक द्यावी लागते.

हे मत पुस्तके वाचून झालेले नाही. आपल्या शाळेतून दहावी होऊन गेलेली एक विद्यार्थिनी आदिलाबादला पुढील शिक्षणासाठी जाऊ लागली. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली होती. मी तिची चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, “बाई, तिकडे व्युत्क्रम कोन म्हटले तर कोणालाच कळत नाही. तेलुगूत एकांतर म्हणतात आणि इंग्रजीत आणखी काहीतरी.” मी म्हटले, “अगं, मग आकृती काढून दाखवायची. आकृती काही तेलुगू नसते.” ती जरा घुटमळली. मग खाली पाहून म्हणाली, “आकृती नाही आठवत, बाई. नाव तेवढे आठवते.”

हे प्रकरण तिला मीच शिकविले होते, आणि चाचणीत तिला पंचवीसपैकी एकवीस गुणही मीच दिले होते. नावाखाली काय आहे हे तिला ठाऊक नव्हते, तर ते गुण मी कशाचे दिले? त्या रात्री मी वही काढून बसले आणि आपण वर्गात नेमके काय केले होते ते आठवू लागले. पहिल्याच तासाला मी फळ्यावर आठ कोनांची आकृती काढली होती, कोनांना अक्षरे दिली होती, आणि संगत कोनांच्या चार जोड्या, आंतर व्युत्क्रम कोनांच्या दोन, बाह्य व्युत्क्रम कोनांच्या दोन, आंतरकोनांच्या दोन अशी यादी मुलींकडून वदवून घेतली होती. व्याकरणाच्या तासाला विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घेतात, तसेच ते झाले.

आता ती आकृती आपण पुन्हा पाहू. कागदावर दोन समांतर रेषा काढा आणि त्या दोहोंना तिरकी छेदणारी तिसरी रेषा काढा, ती छेदिका. दोन छेदनबिंदू, प्रत्येकाभोवती चार कोन, म्हणून एकूण आठ. परंतु कोनमापक लावून पाहाल तर या आठांची मापे केवळ दोनच निघतात. एक कोन ६५ अंशांचा असेल, तर चार कोन ६५ अंशांचे आणि उरलेले चार ११५ अंशांचे. नववीच्या मुलांनी त्यांना ‘धाकटे’ आणि ‘थोरले’ अशी नावे दिली, ती मला फार आवडली. धाकटे सारे सारखे, थोरले सारे सारखे, आणि एक धाकटा व एक थोरला मिळून १८० अंश. छेदिका काटकोनात आली तर धाकटा-थोरला हा भेदच उरत नाही. आकृती उभी धरा, आडवी धरा, उलटी करून पाहा. यात काही बदलत नाही. आठांपैकी एक कोन सांगा, बाकीचे सात मूल तोंडी सांगते.

हे असे का होते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यास आपण वर्गात वेळ ठेवीत नाही. कोणत्याही दोन रेषा एकमेकींना छेदल्या की त्या एका फुलीतच धाकटे-थोरले तयार होतात. समोरासमोरचे समान आणि शेजारचे मिळून १८०. त्यासाठी समांतर रेषांची गरज नाही. समांतरपणाने नवे असे एकच घडते: दुसरी फुली ही पहिलीची हुबेहूब प्रत असते. पातळ कागदावर पहिली फुली गिरवा आणि तो कागद छेदिकेवरून सरळ खाली सरकवीत न्या; दुसऱ्या फुलीवर तो तंतोतंत बसतो. हे सरकविणे ज्याने एकदा हाताने केले, त्याला संगत कोन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बाकीच्या नावांचे काम त्यानंतर पाच मिनिटांचे आहे.

माझे काही सहकारी यावर म्हणतात की, मुलांना एफ, झेड आणि यू ही इंग्रजी अक्षरे शोधावयास सांगितली म्हणजे झाले. एफमध्ये संगत कोन, झेडमध्ये व्युत्क्रम, यूमध्ये आंतरकोन. ही युक्ती परीक्षेस उपयोगी पडते हे मी नाकारीत नाही. किंबहुना परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात मीही ती सांगितली आहे, कारण ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी दहावीला बसत आहे त्या घराला तत्त्वापेक्षा उत्तीर्ण होणे अधिक मोलाचे असते, आणि ते योग्यच आहे. परंतु झेड उलटा पडला किंवा आडवा झाला की मूल थांबते. शिवाय आपली मुले घरी मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी बोलणारी, बाजारात तेलुगू. त्यांना आधी परक्या लिपीतील अक्षर ओळखावयास लावून मग त्यातून कोन ओळखावयास लावणे हा द्राविडी प्राणायाम नव्हे काय?

नावांचा हा प्रश्न आपल्याकडेच इतका टोकदार का, तेही सांगितले पाहिजे. १९५६ पर्यंत किनवट व आपण एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होतो. भाषावार राज्यरचना झाली, किनवट नांदेडकडे गेले, आपण आधी आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. मराठी शाळा मात्र दोन्ही बाजूंस राहिल्या. आपल्या शाळेतून दहावी झालेले एक मूल किनवटला जाते, दुसरे आदिलाबादला, तिसरे हैदराबादेस. आपण ज्याला छेदिका म्हणतो, तिला तेलुगूत तिर्यग्रेखा म्हणतात. आपले संगत कोन तिकडे सदृश होतात. शब्द सारेच संस्कृतातून आलेले, पण प्रत्येक भाषेने निराळे उचललेले. माझ्या कोंकणीत तर घराच्या कोपऱ्यालाच ‘कोनसो’ म्हणतात. लहानपणी शाळेत ‘कोन’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला आजीच्या खोलीतील पाणी ठेवावयाचा कोपरा दिसला होता. तो गैरसमज मुळीच वाईट नव्हता. दोन भिंती जिथे मिळतात ती जागा माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि पुढे मराठी शब्द आला, इंग्रजी आला, तरी ती जागा हलली नाही. आपल्या मुलांच्या मनात अशी एक जागा आधी तयार व्हावी, एवढेच मी मागते आहे.

अशा जागा आपल्या गावात शोधाव्या लागत नाहीत. तिफण पाहा. तिला तीन फण. त्यांच्यातील अंतर सुताराने एकदा ठरविले की शेतात पडणाऱ्या तिन्ही ओळी सारख्याच अंतरावर पडतात. यावर वर्गातील एका मुलाने असा आक्षेप घेतला की, बैल बिचकून बाजूस ओढले गेले तर तिन्ही ओळी वाकतात. मग त्या समांतर रेषा कशा? आक्षेप बिनतोड होता. सारखे अंतर राहिले, पण रेषा सरळ उरल्या नाहीत. समांतर रेषांची व्याख्या करताना ‘रेषा’ हा शब्द आपण किती हलकेच उच्चारतो, हे मला त्या दिवशी कळले. बैल सरळ चालले असतील अशा शेतातून तिरकी जाणारी पाऊलवाट मात्र उत्तम छेदिका होय. ती प्रत्येक ओळीस त्याच कोनात कापते; वीस ओळी असल्या तर वीस वेळा तोच कोन. मुलांनी सोयाबीनच्या शेतात दोऱ्या लावून हे मोजले. शेतकरी दादांनी परवानगी दिली आणि रोपे न तुडविण्याची सक्त ताकीदही दिली.

तिफण समांतर रेषा अंतरावरून काढते, तर सुताराचा गुण्या कोनावरून. तुमच्या कंपासपेटीतही दोन गुण्ये असतात. पट्टी घट्ट धरून गुण्या तिच्या कडेने सरकवीत रेषा काढल्या की त्या समांतर येतात, हे तुम्ही पाचवी-सहावीपासून करीत आला आहात. त्या वेळी पट्टी ही छेदिका असते आणि गुण्याचा कोपरा हा संगत कोन. प्रत्येक रेषा पट्टीशी तोच कोन करते, म्हणून रेषा समांतर. म्हणजे नववीत जी कसोटी तुम्ही पाठ करता, ती तीन वर्षे तुमच्या बोटांना येत होती! कोणी ती तुम्हांस दाखविली नाही, एवढेच.

इथे मला भाषेची शिक्षिका म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. ‘व्युत्क्रम कोन समान असतात’ हे वाक्य मुले उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यास गुणही मिळतात. हे वाक्य अपुरे आहे. व्युत्क्रम हे फक्त कोनांच्या बसण्याच्या जागेचे नाव होय: छेदिकेच्या दोन बाजूंस, एक या रेषेपाशी, एक त्या रेषेपाशी. रेषा समांतर नसल्या तरी व्युत्क्रम कोन असतातच. ते समान नसतात इतकेच. पूर्ण वाक्य ‘जर’ने सुरू होते: जर रेषा समांतर असतील, तर व्युत्क्रम कोन समान असतात. आणि याचे उलट वाक्य निराळे आहे: जर व्युत्क्रम कोन समान असतील, तर रेषा समांतर असतात. पहिले वाक्य समांतरपणावरून कोन काढून देते. दुसरे कोनांवरून समांतरपणा ओळखून देते. गुण्या सरकविताना आपण दुसरे वापरतो. ‘जर पाऊस पडला तर अंगण ओले होते’ यावरून ‘अंगण ओले असेल तर पाऊस पडलाच असेल’ असे ठरत नाही, हे लहान मुलालाही कळते. आईने सडा घातला असेल. म्हणून भूमितीत दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागतात. युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ती आपल्या पहिल्या पुस्तकात दोन वेगळ्या प्रमेयांत ठेवली आहेत: कोनांवरून समांतरपणा सांगणारे सत्ताविसावे आणि समांतरपणावरून कोन सांगणारे एकोणतिसावे. त्यातील दुसऱ्याच्या सिद्धतेसाठी त्याला आपले प्रसिद्ध पाचवे गृहीतक प्रथमच वापरावे लागले. तो ग्रंथ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या सम्राट जगन्नाथाने अरबीवरून संस्कृतात आणला. त्याचे नाव ‘रेखागणित’, आणि तेलुगू माध्यमाची मुले आजही या विषयास ‘रेखागणितम्’ म्हणतात. आपण मराठीत भूमिती म्हणतो. भू म्हणजे पृथ्वी आणि मिती म्हणजे मोजणे. हा शब्द आपण खरा करून पाहावा असे माझ्या मनात आले, आणि त्यातून आम्ही गेल्या मार्चमध्ये एक प्रयोग केला.

त्याचा आरंभ ओळंब्यापासून झाला. शाळेच्या दुरुस्तीसाठी आलेले गवंडी ओळंबा सोडून भिंत तपासत होते. मी मुलांना विचारले की, या भिंतीवरचा ओळंबा आणि त्या भिंतीवरचा ओळंबा समांतर आहेत काय? सर्वांनी एकसुराने होकार दिला. वस्तुतः ते समांतर नाहीत. प्रत्येक ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेला असतो, म्हणून खाली, फार खाली, ते एकत्र येतात. सुमारे ३१ मीटर अंतरावरच्या दोन ओळंब्यांत एका विकलेचा, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचा फरक असतो. गवंड्याने त्याची चिंता करू नये. पण एक ओळंबा तलमडुगूस आणि दुसरा म्हापशास असेल तर? तिथे माझा भाऊ राहतो, आणि त्याची मुलगी आठवीत शिकते.

२१ मार्चच्या सुमारास आपली शाळा अर्ध्या वेळेची असते आणि साडेबाराला सुटते. सूर्य आपल्या माथ्याच्या अगदी जवळ येण्याची वेळ त्या दिवसांत आपल्याकडे बारा वाजून तेवीस-चोवीस मिनिटांची. योग चांगला जुळला. एक मीटरची काठी मैदानात ओळंब्याने सरळ उभी केली, तिच्या सावलीच्या टोकाशी दर दोन मिनिटांनी खडूने खूण केली आणि सर्वांत आखूड सावली घेतली. ती ३६ सेंटिमीटर भरली. म्हापसे आपल्या पश्चिमेस असल्याने तिथे ही वेळ सुमारे अठरा मिनिटांनी उशिरा येते. माझ्या भाचीने अंगणात मोजून दूरध्वनीवर सांगितले, २८ सेंटिमीटर. आम्ही व्हरांड्याच्या फरशीवर खऱ्या मापाचे दोन काटकोन त्रिकोण काढले, एकाच्या बाजू १०० व ३६, दुसऱ्याच्या १०० व २८, आणि काठीच्या टोकाशी सूर्यकिरण व काठी यांतील कोन मोजला. आपल्या काठीशी वीस अंशांना किंचित कमी, तिकडच्या काठीशी पंधरा व सोळा यांच्या मधोमध. फरक चार अंशांचा.

हा फरक म्हणजे काय? सूर्य सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. इतक्या दुरून तलमडुगूस येणारा किरण आणि म्हापशास येणारा किरण यांच्या दिशेत फरक पडतो तो एका विकलेहूनही कमी. म्हणून किरण समांतर मानण्यास हरकत नाही. मग वाकडे काय आहे? आपल्या दोन काठ्या! दोन्ही ओळंब्याने उभ्या, तरी एकमेकींशी चार अंशांनी कलत्या. आता मनाने काठी खाली वाढवीत पृथ्वीच्या मध्यापर्यंत न्या, आणि त्या मध्यातून सूर्याकडे एक रेषा काढा. ही रेषा किरणास समांतर आणि वाढविलेली काठी ही दोहोंची छेदिका. काठीच्या टोकाशी जो वीस अंशांचा कोन, तोच पृथ्वीच्या मध्याशी. कारण ते दोन व्युत्क्रम कोन आहेत. म्हापशाच्या काठीचेही तसेच. दोहोंची वजाबाकी केली की दक्षिणोत्तर दिशेने ही दोन गावे पृथ्वीच्या मध्याशी किती कोन करतात ते मिळते. चार अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा नव्वदावा भाग.

फळ्यावर ही आकृती पुरी झाली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे पृथ्वीच्या मधला कोन आपण व्हरांड्यात मोजला?” होय, तेच केले. जिथे कोणी कधी जाऊ शकत नाही तिथला कोन त्याच्या जोडीदारावरून कळतो, आणि त्या जोडीचे नाव व्युत्क्रम. त्या तासाला मी हे नाव प्रथमच उच्चारले. ते वर्गाने परत विचारले नाही.

हीच रीत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे एराटोस्थेनिस या विद्वानाने वापरली. दक्षिणेस सायीन नगरात, ज्याला आज अस्वान म्हणतात, उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य थेट माथ्यावर येई व सावली पडत नसे. त्याच वेळी अलेक्झांड्रियात वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कोन मिळाला. दोन नगरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरून पृथ्वीचा घेर त्याने २,५०,००० स्टेडिया काढला. आम्हीही तेच केले. भिंतीवरील नकाशात म्हापसे व तलमडुगू यांच्यातील केवळ दक्षिणोत्तर अंतर मोजले. ते सुमारे ४५० किलोमीटर भरले. नव्वदाने गुणले तेव्हा ४०,५०० आले. पृथ्वीचा दक्षिणोत्तर घेर चाळीस हजार किलोमीटरांहून अगदी किंचित अधिक आहे. वर्गात टाळ्या पडल्या, पण मला त्या थांबवाव्या लागल्या. सूर्याचे बिंब आपल्याला सुमारे अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे सावलीची कड पुसट असते आणि एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. फरक साडेचार अंश आला असता तर उत्तर ३६,००० निघाले असते. आपले उत्तर इतके जवळ आले, त्यात दैवाचा वाटा होता.

यापुढे जो प्रश्न आला त्याने माझी फजिती केली. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “बाई, नकाशा काढणाऱ्यांना पृथ्वी केवढी हे आधीच ठाऊक असणार. अंतर आपण नकाशावरून घेतले. मग आपण मोजले काय?” त्याचे म्हणणे खरे होते. कोन आमचे होते, अंतर दुसऱ्या कोणाचे. ते अंतर जमिनीवर कोणी मोजले, हे पाहू गेल्यास उत्तर आपल्या शेजारीच सापडते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत ते पुढे निघाले. साखळी फक्त अधूनमधून; बाकी सारे कोन. डोंगराडोंगरांवर निशाणे धरणारी आणि अर्ध्या टनाचा कोनमापक वर चढविणारी माणसे इथलीच होती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ठिकठिकाणी ताऱ्यांचे वेध घेऊन ओळंब्यांमधील कोन काढावयाचा. तारा तर सूर्याहून कितीतरी दूर, म्हणून त्याचे किरण अधिकच समांतर. ही मोजणी हैदराबादेहून नागपूरकडे नेत असता जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाट येथे वारले, आणि तिथेच त्यांची कबर आहे. हिंगणघाट आपल्या आदिलाबादेहून सरळ रेषेत शंभराच्या आसपास किलोमीटर. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

त्रिकोणाचे दोन कोन मोजले की तिसरा कळतो, हा या मोजणीचा आधार. तोही समांतर रेषांतूनच येतो: त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा, दोन्ही बाजूंच्या व्युत्क्रम कोनांनी पायाचे दोन कोन वर आणा, तिन्ही मिळून एक सरळ रेषा भरते, म्हणून १८० अंश. आणि एक गंमत अशी की, जमिनीवरील मोठ्या त्रिकोणात ही बेरीज १८० हून थोडी अधिक भरते. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरांस एक विकला. पृथ्वी गोल असल्याचा तो पुरावा होय. पृथ्वीगोलावर दोन रेखावृत्ते विषुववृत्तास काटकोनात छेदतात, तरी ध्रुवावर जाऊन मिळतात. याविषयी युरोपात एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की, बोल्याई आदींनी जो विचार केला तो शाळेच्या पलीकडचा आहे, आणि माझ्याही.

तर त्या विद्यार्थ्याच्या शंकेचे निरसन अजून व्हावयाचे आहे. त्यासाठी अंतरही आपले आपणच मोजले पाहिजे. पालकांपैकी ज्यांचे आप्त हैदराबादेस किंवा नागपुरास आहेत, त्यांनी मुलांकडे तसे सांगावे. ही दोन्ही शहरे आपल्या जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण मार्गावर असल्याने मोटारीच्या मीटरवरून काढलेले अंतर, रस्त्याची वळणे थोडी वजा केली तर, बऱ्यापैकी उपयोगी पडेल. त्यांच्याकडे एक मीटरची सरळ काठी, दोरीला बांधलेला दगड, खडू आणि मोजपट्टी एवढे साहित्य असावे. आम्ही २३ सप्टेंबरच्या आसपासचा दिवस धरला आहे, परंतु त्या दिवसांत आपल्याकडे आभाळ असण्याचा संभव मोठा. तसे झाल्यास ऑक्टोबरातील कोणताही निरभ्र दिवस चालेल. अट इतकीच की दोन्ही ठिकाणी दिवस एकच असावा, आणि सावली प्रत्येकाने घड्याळाकडे न पाहता आपापल्या गावची सर्वांत आखूड घ्यावी. म्हापशाची काठी माझ्या भाचीने अंगणात तशीच रोवून ठेवली आहे.